आधी पाण्याची वाट आखा, मग बसची

शहरातले रस्ते पुरात टिकतील आणि त्यांवर चालकाविना सार्वजनिक बस धावतील, असं दोन्ही एकत्र कसं आखायचं, हा तुमचा प्रश्न. मी बडोद्याची, सगळी नोकरी रस्त्यांच्या लेव्हल घेण्यात गेली.

आमच्या गल्लीत घराला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरली आहे. जुनं डांबर न खरवडता थरावर थर चढत गेले. त्यात रस्त्याचा मधला उंचवटा पाणी दोन्ही कडांना लोटतो, आणि तिथे पाण्याच्या जाळ्यांवरच गाड्या उभ्या. कोपनहेगनने २०११ च्या ढगफुटीनंतर केलेल्या आराखड्यात काही रस्ते मधोमध खोलगट सुचवले, म्हणजे पाणी दारांपासून लांब वाहतं.

सामायिक बसचा फायदा मला इथे दिसतो. लोकांनी गाड्या सोडल्या तर दोन्ही कडांची मिळून चारेक मीटर रुंदी मोकळी होते. ती पट्टी बसमार्गापेक्षा वीतभर खाली घ्या, झाडं लावा, पाणी आधी तिथे साठू द्या. तिथे पुन्हा पार्किंग सुरू झालं, तर केलेलं सगळं वाया.

चालकाविना बसची अडचण वेगळी. साचलेल्या पाण्याखाली किती खोल आहे ते कॅमेऱ्याला कळत नाही, लायडारला, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्रालाही नाही. म्हणून खोली रस्त्यानेच सांगायला हवी. आमच्याकडे अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी मोजणारं यंत्र बसवा. ठरलेली खूण ओलांडली की सगळ्या बस एकदम रुळांवरून जाणाऱ्या जेतलपूर पुलाकडे वळाव्यात. हे माणसांपेक्षा यंत्रणा चांगलं करेल. तरी पावसाळ्यात बसमध्ये एक माणूस हवाच. म्हाताऱ्या बाईला कुठे उतरवायचं नाही, हे त्यालाच समजतं.

मात्र नदीच्या पुरापुढे रस्त्याचं काही चालत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांवर गेली, धोक्याची पातळी २५. नदी चढली की कांसांचं, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यांचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलटं शहरात शिरतं. तेव्हा बस बंदच ठेवाव्यात. पण त्या आधीच उंचावरच्या आगारात पोचलेल्या असाव्यात.

तुम्ही तुमच्या शहरासाठी विचारत असाल, तर पहिल्या जोराच्या पावसात खडू घेऊन फिरा. पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा भिंतींवर करा. नकाशा तिथून सुरू करा.