ताई, स्ट्रेनच खतरनाक होता ना?

संक्रांत उलटली की माझ्याकडे समुपदेशनासाठी एका ठरावीक प्रकारच्या आया येऊ लागतात. बाळ बरं झालेलं असतं, दवाखान्यातून सुट्टी होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात, वजनही भरून आलेलं असतं. आईची झोप तेवढी परतलेली नसते. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच. "लस दिली होती, तरी इतकं कसं झालं? बाकीच्यांची मुलं दोन दिवसांत खेळायला लागली, माझंच का सलाईनवर गेलं?" आपल्याकडे थंडीत रोटाव्हायरसचे जुलाब वाढतात आणि त्यामागोमाग हा प्रश्न येतो. या वर्षी तो इतक्यांदा ऐकला की एकीची गोष्ट लिहायचं ठरवलं. नाव आणि बरेच तपशील बदलले आहेत. लिहायला तिची हरकत नाही.

मेघा म्हणू तिला. मुलगा अकरा महिन्यांचा, नवरा बुटीबोरीला कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. संक्रांतीनंतरच्या रविवारी हिने हौसेनं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे. सोसायटीतली पोरं त्या बोरांवर तुटून पडली. दोन दिवसांनी बाळाला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. पुढच्या पहाटे बाळ डोळे उघडेना. चार दिवस भरती. तपासणीत रोटाव्हायरस.

पहिल्या भेटीत ती मोबाईलमधले स्क्रीनशॉट दाखवत होती. "ताई, हा जी९ असेल का? का जी१२? जी९ मध्ये मुलं जास्त सीरियस होतात असं लिहिलंय इथं. स्ट्रेनच खतरनाक होता ना?"

तिच्या रिपोर्टवर स्ट्रेन, म्हणजे विषाणूची जात, नव्हताच. नेहमीच्या तपासणीत विषाणू आहे की नाही एवढंच कळतं. त्याची जात शोधणं हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या (एनआयव्ही) प्रयोगशाळांचं काम, आणि ते एका बाळाच्या उपचारासाठी नसतं, कुठली जात कुठे फिरते आहे हे पाहण्यासाठी असतं. समुपदेशकाने डॉक्टर होऊ नये हे मी नव्यांना नेहमी सांगते. पण समोरची बाई ज्या शब्दाला घाबरून आली आहे तो शब्द तरी आपल्याला ठाऊक असावा. म्हणून मी हे वाचून ठेवलं आहे. हा विषाणू १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या आतड्यात सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली चाकासारखा दिसतो म्हणून रोटा. त्याच्या बाहेरच्या कवचावर दोन प्रथिनं असतात. एकावरून जी हा आकडा पडतो, दुसऱ्यावरून पी. जी१पी८, जी२पी४, जी९पी८ ही त्यातली नेहमी आढळणारी नावं.

मी तिला एवढंच विचारलं, "बोरन्हाणाला आलेल्यांपैकी आणखी कुणाला झालं?"

"जाऊबाईंच्या पोराला. साडेतीन वर्षांचा आहे. दीड दिवस जुलाब, मग पोहे मागून खाल्ले त्याने."

"त्याला कुठला स्ट्रेन झाला असेल?"

ती थांबली. "तोच असंल ना."

"मग?"

एकाच घरातून, एकाच दिवशी, बहुधा एकच विषाणू दोन मुलांकडे गेला. एकाने पोहे मागितले, दुसऱ्याला सलाईन लागलं. फरक मुलांत होता. रोटाचा पहिला संसर्ग बहुतेक वेळा सर्वांत जड जातो, आणि तो सहा महिने ते दोन वर्षं या वयात झाला तर जास्तच. पुढचे संसर्ग हलके होत जातात. साडेतीन वर्षांच्या पोराने हा विषाणू आधी एक-दोनदा पाहिलेला असणार. अमुक जातीत आजार जास्त जड, असं काही ठिकाणच्या अभ्यासांत दिसतं, पण दुसऱ्या गावात तेच दिसत नाही. शिवाय बाळागणिक शरीर वेगळं. काही मुलांच्या आतड्याच्या अस्तरावरच्या साखरेची घडण जन्मतःच अशी असते की पी८ जातीला तिथे नीट चिकटता येत नाही. हे रक्तगटासारखं आनुवंशिक आहे, आईच्या काळजीने बदलत नाही.

जी९ची गंमत तर मी तिला मुद्दाम सांगितली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रात रोटाची जी तोंडावाटे लस मिळते, त्यातल्या दोन्ही देशी लसींत जी९ आहे. पुण्याच्या सीरमच्या लसीत पाच जाती आहेत, त्यातली एक ही. भारत बायोटेकची लस तर ११६ई नावाच्या एकाच विषाणूपासून केलेली, आणि तो जी९च. हा विषाणू १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या पोटात सापडला होता. बाळं ठणठणीत, जुलाब नाहीत! डॉ. महाराज किशन भान यांनी त्यात लसीची शक्यता पाहिली. दिल्ली, पुण्याजवळची गावं आणि वेल्लोर इथल्या ६,७९९ बाळांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांत पहिल्या वर्षी जड आजार निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले. म्हणजे लस घेऊनही काही बाळं भरती होतातच. तिचं बाळ त्यांतलं एक.

त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू. मुद्देसूद सगळं, तिने मानही हलवली. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही.

माझ्या उशिरा लक्षात आलं. स्ट्रेन हा तिचा वकील होता. जात खतरनाक निघाली असती तर ती सुटली असती. मी माहितीच्या भरात त्या वकिलालाच कोर्टाबाहेर काढलं आणि पिंजऱ्यात ती एकटी उभी राहिली. अनुभवी माणसाचीही ही चूक होते, मी अजून अधूनमधून करते.

तिसऱ्या आठवड्यात ती आली ती एक वही घेऊन. वाण्याच्या उधारीची असते तसली, लांबट, लाल कव्हरची. त्या रात्री नवरा नाइटला होता. डॉक्टरांनी दिवसा सांगितलं होतं की किती वेळा होतं ते लिहून ठेवा. तिने लिहिलं होतं.

१२.२० ओकारी. १२.३५ ओआरएस ४ चमचे. १२.५० पातळ शी, पाणीच. १.१५ ओआरएस ५ चमचे. १.२० ओकारी, सगळं बाहेर. १.३५ परत ३ चमचे. २.४० शी. अक्षर खाली खाली तिरकं होत गेलं होतं. एका ठिकाणी पानावर गोल डाग, शाई पसरलेली. मी सावकाश, मोठ्याने वाचत गेले. ती खिडकीकडे बघत होती. ४.१० ओकारी. त्याखाली चार ओळी कोऱ्या. मग एकदम ५.१५, बाळ सुस्त, रिक्षा.

"मेघा, चार दहा ते सव्वापाच काय झालं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "सासूबाई उठल्या होत्या. म्हणाल्या, पोरगं ओकून राह्यलं अन् तू त्याले पाणी पाजून राह्यली काय? पोटाले आराम दे. मले माहीत होतं द्यायला पाहिजे. पण मी थकली होती ताई. मले बरं वाटलं कोणी थांब म्हटलं ते. मी त्याला घेऊन झोपली."

स्ट्रेन, लस, बोरन्हाण, सगळं त्या चार कोऱ्या ओळींवर रचलेलं होतं.

इथे 'तुझी काहीच चूक नाही गं' म्हणणं सोपं असतं. मी ते म्हणत नाही. समोरच्या बाईला ते खोटं आहे हे कळतं आणि ती आणखी एकटी पडते. मी म्हटलं, "हो. त्या तासात चमचा चालू राहायला हवा होता."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आत्तापर्यंत सगळे तिला समजावत होते, तिचं म्हणणं खरं कुणी धरलं नव्हतं. ती खूप रडली. मी मध्ये बोलले नाही.

मग आम्ही वही पुन्हा उघडली. आजार किती जड हे मोजायला डॉक्टर फिनलंडच्या वेसिकारी यांच्या नावाचा वीस गुणांचा तक्ता वापरतात. जुलाब किती दिवस, दिवसात किती वेळा, ओकाऱ्या किती दिवस, किती वेळा, ताप, अंगातलं पाणी किती कमी झालं, उपचार काय लागले. अकरा किंवा जास्त गुण म्हणजे जड आजार. दिवसाला सहा जुलाब झाले की त्या रकान्याचे पूर्ण गुण पडतात. तिच्या वहीत चार वाजेपर्यंतच अकरा जुलाब होते. "या तक्त्यात तुझा रकाना शोध," मी म्हटलं. तिने खरंच बोट फिरवून शोधला. नव्हता.

माझा भर नेहमी एका अक्षरावर असतो, 'च'वर. 'मी जागायलाच हवं होतं', 'आईने चुकायचंच नाही'. हा 'च' काढला की उरते ती खंत. खंत पुढच्या वेळी काय करू हे शिकवते, अपराधाचं ओझं रात्री तीनला उठवून बसवतं. मेघाने तो 'च' माझ्यासमोर तीन वेळा खोडला आणि चौथ्यांदा परत लावला. चालायचंच. (हा 'च' ठेवायला हरकत नाही.)

अशाच काळजीत असलेल्यांसाठी, बालरोगतज्ज्ञ जे सांगतात तेच पुन्हा. ओकारी झाली म्हणून पाणी बंद करायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं, मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असं सावकाश सुरू करायचं. ओआरएसचं पाकीट पूर्ण फोडायचं, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने, हे अजिबात नको. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. अँटिबायोटिकचा रोटावर उपयोग नाही. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ सुस्त आहे, पोटात काहीच ठरत नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि बोरन्हाणाला दोष देऊ नका. लस येण्याआधी श्रीमंत देशांतल्या चकचकीत घरांतही जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत हा विषाणू गाठायचाच. हात मात्र साबणाने धुवा, विशेषतः शी धुतल्यावर.

सासूबाईंचं काय, हे मला लोक विचारतात. मेघा त्यांच्याशी भांडली नाही, मी सुचवलंही नव्हतं. तिने हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. दोन दिवस सासूबाई त्याच्यासमोरून गेल्या-आल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिही व माय. रातच्याले चष्मा कुठं सापडते?"