मेट्रो-रेल्वेसाठी जमीन वेळेत कशी मिळवायची?

कंत्राट देण्याआधी जमीन ताब्यात घ्या, निम्मं दुखणं तिथेच संपतं. होतं नेमकं उलटं: कंत्राट आधी, मोजणी नंतर. मग वळणावरचं एखादं घर कोर्टात जातं आणि अख्खा मार्ग अडतो.

खरा घोळ कागदांत असतो. मालक वारलेला, वारसनोंद नाही, भावांत वाटणी झालेली नाही. पैसे द्यायचे कुणाला? आखणी ठरताच नोंदी तपासायला माणसं बसवा.

जपानची रीत मला पटते. टोकियो ते त्सुकुबा शहर या ‘त्सुकुबा एक्सप्रेस’ रेल्वेमार्गासाठी १९८९ साली खास कायदा झाला. भूखंडांची फेरआखणी करून रुळांची पट्टी मोकळी केली. मालकांना लहान, पण सुधारलेले भूखंड मिळाले. गाडी धावली २००५ मध्ये. (झटपट नव्हेच!)

आणि भाडेकरूंचं आधी बघा. मालकाने चेक घेतला तरी जागेत बसलेले असतात ते.