मोटरचा ताप आणि पिनियनचे दाते

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. माझ्या रिमोटवर चालणाऱ्या, १/१० मापाच्या फोर-व्हील ड्राइव्ह टूरिंग कारला यंदा ३३०० केव्हीची, सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर बसवली आहे. बॅटरी दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) असून स्पर, म्हणजे मोटरने फिरवला जाणारा मोठा गिअर, ८४ दात्यांचा आहे. वेग वाढावा म्हणून मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, २१ दात्यांचा होता तो काढून २८ दात्यांचा लावला. आम्ही रविवारी ज्या डांबरी आवारात गाड्या पळवतो, तिथली सरळ पट्टी जेमतेम ३० मीटरची आहे. चार-पाच मिनिटांत मोटर हात लावू नये इतकी तापते आणि वळणातून निघताना गाडी मित्राच्या गाडीमागे पडते. दोष मोटरमध्ये आहे की तिला करंट पुरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्ये?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून दोन्ही वस्तू सुस्थितीत असाव्यात असे वाटते, दोष २८ दात्यांच्या त्या पिनियनचा आहे. स्परच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागायचे आणि आलेल्या आकड्याला गाडीच्या अंतर्गत (स्परपासून चाकापर्यंतच्या) गुणोत्तराने गुणायचे, म्हणजे अंतिम गुणोत्तर, अर्थात चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे किती फेरे, ते मिळते. टूरिंग कारमध्ये हे अंतर्गत गुणोत्तर बहुधा १.९ ते २.० च्या आसपास असते; आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. येथे हिशेबापुरते २.० धरले आहे. २१ दात्यांवर आपले अंतिम गुणोत्तर ८ होते, २८ वर ते ६ झाले. हा आकडा जितका लहान, तितका कमाल वेग जास्त आणि मोटरवरचा भार जास्त. नव्याने या छंदात आलेल्यांचा गोंधळ हमखास इथेच होतो.

आता वेगाचे पाहू. ३३०० केव्ही म्हणजे भाराविना दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे, म्हणून दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर सुमारे २४,४०० फेरे. टायरचा व्यास ६३ मिलिमीटर धरला, तर ६ च्या गुणोत्तरावर ताशी ४८ किलोमीटर आणि ८ वर ताशी ३६ किलोमीटर एवढा कागदी वेग येतो. कागदी म्हणण्याचे कारण असे की प्रत्यक्षात गाडी याहून कमीच धावते, आणि वळणातून हळू निघालेल्या गाडीला ताशी ४८ पर्यंत पोचायला ३० मीटर पुरतही नाहीत, कारण तेवढ्यात ब्रेक लावायची वेळ आलेली असते. जो वेग पट्टीवर कधी गाठताच येत नाही, त्याची किंमत मात्र प्रत्येक वळणावर मोजावी लागते.

ती किंमत नेमकी किती, हेही काढता येते. चाकावर पूर्वीइतकाच जोर हवा असेल, तर गुणोत्तर ८ वरून ६ वर आणल्यावर मोटरला सुमारे एक तृतीयांश जादा करंट ओढावा लागतो. वाइंडिंगमधली (मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांतली) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तेवढ्याच जोरासाठी ती जवळपास पावणेदोन पट होते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट सायकलच्या सर्वांत जड गिअरवर चढणाऱ्याची जी दशा होते, तीच दर वळणानंतर आपल्या मोटरची होते. ब्रशच्या मोटरला निदान ब्रश झिजून तक्रार करण्याची सोय होती. ब्रशलेस मोटर निमूटपणे मागेल तेवढा करंट घेत राहते, आणि ताप मर्यादेबाहेर गेला की रोटरच्या (फिरत्या भागाच्या) चुंबकाचा जोर कायमचा घटतो.

म्हणून २२ दात्यांपासून सुरुवात करावी (अंतिम गुणोत्तर सुमारे ७.६) आणि एका वेळी एकच दाता वाढवावा. प्रत्येक बदलानंतर तीन मिनिटे नेहमीच्या वेगाने गाडी चालवून लगेच मोटरचे तापमान मोजावे. ७० अंश सेल्सियसच्या आत असेल तर पुढचा दाता लावण्यास हरकत नाही. ८० च्या जवळ पोचले तर एक दाता मागे यावे. दुरून तापमान मोजणारी टेम्परेचर गन वापरणार असाल, तर मोटरच्या चकचकीत अॅल्युमिनियमवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावरच नेम धरावा. उघड्या चकचकीत धातूवर ही गन खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, आणि मग मोटर गार आहे अशा समजुतीत मनुष्य आणखी मोठा पिनियन लावून बसतो. बोट टेकवून अंदाज बांधण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी.

तापमानाइतकाच कानाचाही उपयोग होतो. सरळ पट्टीच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये मोटरचा आवाज चढायचा थांबून स्थिर होत असेल, तर गुणोत्तर जागेला साजेसे आहे. ब्रेक लावायच्या क्षणापर्यंत आवाज चढतच असेल, तर पिनियन मोठा आहे. पट्टीच्या मध्यावरच तो स्थिर झाला, तर लहान आहे. माझ्या अंदाजाने आपल्या जागेला २३ किंवा २४ दाते मानवतील. डिसेंबरात जमलेली जोडी एप्रिलच्या सांगलीत जशीच्या तशी चालेल असे मात्र समजू नये. हवाच दहा अंशांनी तापलेली असेल, तर मोटरही साधारण तेवढीच अधिक तापणार, तेव्हा उन्हाळ्यासाठी एक दाता कमी ठेवणे शहाणपणाचे.

पिनियन बदलला की मोटरही सरकवावी लागते. ४८ पिचच्या (व्यासाच्या दर इंचामागे ४८ दाते असलेल्या) गिअरमध्ये एका दात्यामागे सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे २८ वरून २४ वर येताना मोटर स्परकडे सुमारे एक मिलिमीटर आणावी. दोन्ही गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबावे, मोटरचे स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून पट्टी काढावी. त्यानंतर स्पर पूर्ण फेरा फिरवून कुठे घट्ट होतो का ते पाहावे; स्वस्त प्लास्टिकचे स्पर बरेचदा किंचित लंबगोल असतात. अशा वेळी सर्वांत घट्ट जागी थोडी सैल मोकळीक ठेवावी. अति घट्ट बसवलेले गिअरही मोटर तापवतात.

प्रश्न : बाजारात हवा तो पिनियन मिळत नाही. कुपवाड एमआयडीसीत कापून घेता येईल का? (मिरज)

उत्तर : कापून घेता येईल, पण आधी पिच सांभाळावा. आपल्याकडील कारखान्यांत गिअर मॉड्यूलच्या (मिलिमीटरमधला व्यास भागिले दाते, या) मापाने कापतात. ४८ पिच म्हणजे मॉड्यूलमध्ये सुमारे ०.५३. कारागिराने जवळचे म्हणून ०.५ मॉड्यूलचे कटर लावले, तर गिअर वरवर सारखा दिसेल, पण स्परचे दाते थोड्याच वेळात खाऊन टाकेल. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल मात्र इतके जवळ आहेत की ते एकमेकांशी चालवून घेतले जातात. एका पिनियनसाठी हा खटाटोप महाग पडतो. चार-पाच वेगवेगळ्या दात्यांचे तयार पिनियन एकदम मागवलेले बरे.

प्रश्न : तीन सेलची बॅटरी लावायची असेल तर गिअर बदलावे लागतील का? (सातारा)

उत्तर : होय. ७.४ वरून ११.१ व्होल्टवर गेल्याने फेरे दीडपट होतात, म्हणून चाकाचा वेग पूर्वीइतकाच ठेवायचा तर अंतिम गुणोत्तरही दीडपट करावे. वरच्या उदाहरणात २४ दात्यांच्या जागी १६ दात्यांचा पिनियन येईल. तेवढा लहान पिनियन स्परपर्यंत पोचेल इतकी मोटर सरकवण्याची खाच लांब आहे का, हे आधी पाहावे. आणि त्याहीआधी, स्पीड कंट्रोलर व मोटर या दोहोंवर तीन सेल चालतील असे लिहिलेले नसेल, तर ती बॅटरी जोडूच नये.