गुलाबांच्या बागेत मंगलाष्टके

प्रश्न : आमच्या मुलाचा विवाह अमेरिकेतील हार्टफर्ड येथे ठरला असून, तेथील एलिझाबेथ पार्कच्या गुलाबबागेत तो व्हावा, अशी वधूपक्षाची इच्छा आहे. सार्वजनिक बागेत आपले विधी रीतसर होऊ शकतील काय? मुहूर्त कोणत्या महिन्यातला धरावा?
– एक वाचक, लक्ष्मीनगर, नागपूर

उत्तर : स्थळाची निवड चांगली आहे. चार्ल्स पाँड यांनी आपली जमीन हार्टफर्ड शहराला देऊन उद्यानास पत्नीचे नाव देण्याची इच्छा व्यक्त केली होती. थिओडोर वर्थ यांनी आखलेली तेथील गुलाबबाग १९०४ साली खुली झाली आणि नगरपालिकेच्या मालकीची अमेरिकेतील सर्वांत जुनी गुलाबबाग म्हणून ती ओळखली जाते.

आधी महिन्याचे पाहू. आपल्या नागपुरात ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की थंडीत गुलाब भरतो. हार्टफर्डला मात्र थंडीत झाडे निद्रिस्त असतात आणि खरा बहर जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत येतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे बहर आणि मुहूर्त या दोन्हींना मानवणारे दिवस फार थोडे उरतात. अधिक मासामुळे एकादशी लांबलेल्या वर्षी थोडी सवड मिळते, पण तो अधिक मासच आषाढात आला तर तेही दिवस हातचे जातात. मुहूर्ताची वेळ हार्टफर्डच्या सूर्योदयावरून काढून घ्यावी. उन्हाळ्यात ते गाव आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असल्याने नागपूरच्या पंचांगातली घटिका तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

विधींपैकी अंतरपाट, मंगलाष्टके आणि वरमाला बागेत सहज पार पडतील, कारण त्यांना दोन पाट आणि अंतरपाट धरणारी दोन माणसे एवढेच लागते. शिवाय मधोमध वेलींनी झाकलेला लाकडी मंडप आयताच उभा आहे आणि वाटांवर वेली-गुलाबांच्या कमानी आहेत. मांडववाल्याला तेथे काही काम उरत नाही, आणि खुंट्या ठोकून मुळांना इजा करण्याचा प्रश्नही येत नाही. अक्षतांबाबत मात्र आधी विचारून घ्यावे, कारण तांदूळ किंवा पाकळ्या उधळण्यास सार्वजनिक बागांमध्ये बहुधा मनाई असते. परवानगी मिळालीच तर पाटांखाली मोठी सतरंजी अंथरावी, मोजक्या वडीलधाऱ्यांनीच अक्षता टाकाव्यात आणि शेवटी सतरंजी चारही टोकांनी उचलून न्यावी. लाजाहोम आणि सप्तपदी यांना अग्नी हवा. जुन्या झाडांशेजारी होमकुंड पेटवण्याचा आग्रह धरणे माझ्या मते योग्य नव्हे. तो भाग त्याच दिवशी सभागृहात किंवा मंदिरात करावा. सप्तपदी केवळ हौसेखातर ठेवायची नसते. ती जेथे विवाहविधीचा भाग असते, तेथे अग्नीसमोर सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो, असे हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ मध्ये म्हटले आहे.

कागदपत्रांत एक खोच आहे. हे उद्यान हार्टफर्ड आणि वेस्ट हार्टफर्ड अशा दोन गावांच्या हद्दीत पसरले आहे, आणि कनेक्टिकट राज्यात विवाहाचा परवाना जेथे विधी होणार त्या गावच्या टाऊन क्लार्ककडूनच घ्यावा लागतो. तो ६५ दिवस चालतो. म्हणून जागेचे आरक्षण करतानाच, आपण उभे राहणार ती जागा नेमकी कोणत्या गावात मोडते आणि तेथे विधी कोणाच्या हातून झालेला चालतो, हे वधूपक्षाला लेखी विचारायला सांगावे.