इंग्रजांच्या लष्करी छावणीने आसपासचं शिवार कसं बदललं, हे जुन्या नकाशांवरून कळतं का? कोणते नकाशे बघावेत?

कळतं. पण भारतीय सर्वेक्षण विभागाची नवी ओपन सिरीज (सर्वांसाठी खुले असलेले नकाशे) या कामाची नाही. २००५च्या नकाशा धोरणाने तिच्यातून लष्करी जागा वगळल्यात. त्याच विभागाची जुनी एक इंचाला एक मैलाची टोपोशीट घ्या (सोलापूर शहर ४७ ओ/१४ मध्ये येतं) आणि शेजारी गावनकाशा (शेतांचे बांध आणि वाटा दाखवणारा) ठेवा. खरी मजा गावनकाशात.

सोलापुरात १८१८च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोने किल्ला घेतला, पुढे पेठेबाहेर छावणी बसली. पलटणी गेल्या, लष्कर, सदर बझार या वस्त्या उरल्या. रेल्वे १८६०ची, पहिली गिरणी १८७७ची. त्याआधी खेड्यातल्या कडब्याला रोख गिऱ्हाईक म्हणजे छावणीतले घोडे, असं माझं मत.

आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. आजोबा सांगायचे, कडब्याच्या गाड्या पेठेत न शिरता ओढ्याच्या अंगाने थेट लष्करात जायच्या. आमचे चुलते म्हणतात, असा रस्ता कधी नव्हताच. नुसतं म्हणून थांबले नाहीत, नांगरून टाकला. मी गावनकाशाची नक्कल काढली. सगळे बांध उताराप्रमाणे वेडेवाकडे, आणि त्यांना कापत जाणारी दुहेरी तुटक रेषा. एकेरी तुटक असती तर पायवाट. दुहेरी म्हणजे गाडीरस्ता. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट आले, वाट तिथेच. चुलत्यांनी नक्कल उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "हा ओढा असंल." ओढा बोटभर अंतरावर वेगळा काढलेला!

तेव्हा कुणी वाट अडवली तर भावकीच्या बैठकीत चहा पीत बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे जा, तेही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

हां, टोपोशीटवर रेघ दिसली म्हणून वहिवाटीचा हक्क सिद्ध होत नाही. आणि आमची वाट छावणीमुळेच पडली याला आजोबांच्या शब्दाखेरीज पुरावा नाही, चुलते त्यावरच अडून बसलेत. बसू देत. वाट कुणाच्या घोड्यांसाठी पडली याच्याशी तहसीलदारांना देणंघेणं नसतं, नांगर कधी फिरवला एवढंच ते विचारतात.