खर्च झालेली ऊर्जा पाण्यावरून कशी मोजतात?

प्रश्न : तोंडावर मुखवटा न लावता किंवा बंद खोलीत न ठेवता, माणसाने आठवडाभरात किती ऊर्जा खर्च केली हे केवळ लघवीच्या नमुन्यांवरून मोजता येते, असे वाचले. हे कसे शक्य होते? त्यासाठी प्यायला दिले जाणारे पाणी किरणोत्सारी असते का?

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देऊ, कारण ते ‘नाही’ एवढेच आहे. या पाण्यात ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे हायड्रोजन व ऑक्सिजनचे जड, परंतु स्थिर (म्हणजे किरणोत्सारी नसलेले) समस्थानिक, अर्थात त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात असतात. साध्या पाण्यातही ऑक्सिजनच्या दर हजार अणूंपैकी सुमारे दोन अणू ऑक्सिजन-१८चे असतात. त्यामुळे गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्यावरही ही पद्धत वापरली गेली आहे.

प्यायलेले पाणी काही तासांत शरीरातील सर्व पाण्यात मिसळते. पुढे ड्यूटेरियम मुख्यतः लघवी, घाम आणि श्वासातील वाफ यांच्यावाटे, म्हणजे पाण्याच्याच रूपात, बाहेर पडतो. ऑक्सिजन-१८ला मात्र आणखी एक वाट मोकळी असते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यात ऑक्सिजनच्या अणूंची सतत देवाणघेवाण चालते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफ्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९मध्ये दाखवून दिले, आणि त्यामुळे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडबरोबरही हा समस्थानिक निघून जातो. साहजिकच त्याचे प्रमाण अधिक वेगाने घटते, आणि दोन्ही वेगांतील फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला हे काढता येते. त्यावरून ऊर्जेचा आकडा मिळवण्यासाठी शरीराने इंधन म्हणून कर्बोदके किती आणि मेद किती जाळला याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि तो सहसा आहारावरून बांधतात.

लिफ्सन यांचे आरंभीचे प्रयोग उंदरांवर झाले. माणसांवरील पहिली मोजमापे प्रसिद्ध व्हायला १९८२ साल उजाडले, याचे कारण मुख्यतः पैशाचे होते : मात्रा वजनाच्या प्रमाणात द्यावी लागते आणि ऑक्सिजन-१८ महाग आहे. वस्तुमान वर्णपटमापक, म्हणजे नमुन्यातील समस्थानिकांचे प्रमाण मोजणारी उपकरणे, पुरेशी अचूक झाल्यावरच थोड्या मात्रेत काम भागू लागले. दरम्यान पक्षी आणि लहान सस्तन प्राणी यांच्या अभ्यासकांनी ही पद्धत उचलली होती. प्राण्याला पकडून या पाण्याची टोचणी द्यायची, रक्ताचा नमुना घेऊन सोडायचे आणि काही दिवसांनी तोच प्राणी पुन्हा पकडायचा, अशी ती रीत आहे. यातील शेवटची पायरी किती जिकिरीची असते, हे वेगळे सांगायला नको. ज्या प्राण्यांच्या शरीरातून पाणी फार वेगाने ये-जा करते त्यांच्याबाबत अडचण अधिक मूलभूत आहे, कारण तेथे दोन मोठ्या आकड्यांमधील लहानसा फरक मोजायचा असतो आणि मापनातील किंचित चूकही उत्तरात बरीच फुगते.

माणसांमध्ये साधारण एक ते दोन आठवड्यांच्या काळाची एकच सरासरी मिळते. मंगळवारी धावण्यात किती ऊर्जा गेली, हे त्यातून समजत नाही. तरीही, माणूस आपले रोजचे व्यवहार करत असताना होणारे इतके भरवशाचे मोजमाप दुसरे नाही, असे आमचे मत आहे. आहाराच्या नोंदवहीत लोक प्रत्यक्षापेक्षा कमी खाणे लिहितात, हे याच पद्धतीने उघड केले. सहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या अशा मोजमापांवर आधारलेल्या २०२१मधील एका अभ्यासात, शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर, विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो असे आढळले. चाळिशीतील वाढत्या वजनाचा दोष सरसकट ‘मंदावलेल्या चयापचया’वर ढकलण्याला त्यामुळे आधार उरत नाही.