दहा सत्रांचं पॅकेज एकदम घेऊ नका

ताई, तुम्ही नाशिकला, मिस्टर पुण्याला. शनिवार-रविवारची भेट आणि तीही दिरांना दरमहा पाठवायच्या १२,००० रुपयांवरून वादात जाते. आता दोघंही ऑनलाइन समुपदेशनाला तयार झाला आहात. सुटं सत्र २,२०० रुपयांना, दहा सत्रांचं पॅकेज १८,००० ला. पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या १,१०,००० मधून काढावेत की नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून मिळणारे मासिक हप्ते, घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. सासूबाईंना हे पैसे पाण्यात घालणं वाटतं.

मला तसं वाटत नाही. खर्च जरूर करा, पण पॅकेज नको. दहाही सत्रं झाली तर ४,००० वाचतील, हे खरं. पण समुपदेशकाशी सूर जुळला नाही आणि तिसऱ्या सत्रानंतर थांबलात, तर सुट्या दराने ६,६०० च जातील. पॅकेजमध्ये पैसे परत मिळत नसतील तर ११,४०० वर पाणी सोडावं लागेल. ईएमआय तर मुळीच नको. ते कर्जच आहे, सत्रं थांबली तरी हप्ता थांबत नाही.

पंधरा दिवसांनी एक, अशी चार सत्रं ठरवा. महिन्याला ४,४०० होतात. दोन महिने तुमच्या दरमहा १०,००० च्या एसआयपीतून (म्युच्युअल फंडातल्या मासिक गुंतवणुकीतून) तेवढे कमी करा, राखीव पैशाला हात लावू नका. त्याआधी मिस्टरांच्या एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सत्रं मोफत देतात, कधी जोडीदारालाही. आरोग्य विम्यावर मात्र विसंबू नका. दवाखान्यात भरती न होता घेतलेलं नवरा-बायकोचं समुपदेशन बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

पहिल्या सत्रात तोडगा निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. साधारण तासभर लग्नाची, घरची, भांडणाची माहितीच विचारतात. पुढे दोघांशी वेगवेगळंही बोलतात. कोण बरोबर, याचा निवाडा ते देत नाहीत. तुम्ही दोन शहरांतून जोडले जाणार, म्हणून दोघांनीही दार लावता येईल अशी खोली आणि इअरफोन आधीच बघून ठेवा. सासूबाई बाहेरच्या खोलीत असताना दिरांचा विषय मोकळेपणी निघणार नाही. समुपदेशकाचं शिक्षण काय, जोडप्यांसोबत कामाचा अनुभव किती, रेकॉर्डिंग होतं का, सत्र रद्द केलं तर पैसे जातात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मागा. ती मागण्यात संकोच कसला?

पत्रात तसं काही नाही, तरी लिहितो. घरात मारहाण किंवा धाक असेल तर एकत्र सत्र घेऊ नका, आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. आणि एकट्याला मन हलकं करायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही.

दिरांना किती पाठवणं झेपेल, हा हिशेब आपण तिघं मिळून करू. पुढच्या वेळी दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि गृहकर्जाचं स्टेटमेंट पाठवा.